दगडाला चिकटणारे मासे: मल्या, चुणीदार छातीचा मिशाळ मासा आणि टाकीतला 'सकर', हे नातेवाईक की नुसते सारखे?

खानापूर_जीवशास्त्र (प्रश्न)

कणकुंबी-जांबोटी भागात, म्हणजे मलप्रभेच्या वरच्या अंगाला, ओढ्यांच्या दगडांना घट्ट धरून राहणारे दोन प्रकारचे मासे मिळतात. एक खवल्यांचा. त्याच्या खालच्या ओठामागे गोल चकती असते, त्याला मल्या म्हणतात. दुसरा बिनखवल्यांचा, मिश्या भरपूर, आणि छातीवर निऱ्यांसारख्या चुण्या. तिसरा ओढ्यातला नाही, पण पोरं हमखास त्याचं नाव काढतात: काचेच्या टाकीत शेवाळ खायला सोडतात तो काळा, कडक पाठीचा 'सकर'.

पीयूसी दुसऱ्या वर्षाच्या (बारावीच्या) पुस्तकात अभिसारी उत्क्रांतीला, म्हणजे दूरच्या जीवांत सारखा गुण स्वतंत्रपणे उगवण्याला, ऑक्टोपसचा डोळा, पेंग्विन-डॉल्फिनची वल्ही, रताळं-बटाटा अशी ठरलेली उदाहरणं आहेत. त्याऐवजी इथलंच उदाहरण द्यायचं आहे.

विचारायचं हे: या तिघांचं चिकटणं खरोखर वेगवेगळं उगवलं का? तसं असेल तर ते पोरांना डोळ्यांनी कसं दाखवायचं? आणि यात चूक कुठं होण्यासारखी आहे?

---

वाहतं_पाणी

होय, तिघांचं चिकटण्याचं साधन वेगवेगळं उगवलेलं आहे. ते ओळखायला सोपा प्रश्न असा: चिकटणारा भाग शरीराच्या कुठल्या भागापासून बनलाय? 'काम काय करतो' हे नंतर.

मल्या म्हणजे गारा या प्रजातीतला (जीनसमधला) मासा, रोहू-कटल्याच्या कुळातला. त्याची चकती खालच्या ओठामागच्या हनुवटीच्या कातडीची. मध्ये जाडसर गादी असते आणि मागची कड सुटी असते. ती कड दगडावर टेकली की आतलं पाणी कोंडलं जातं आणि मासा धरून राहतो.

चुण्यांचा मासा ग्लिप्टोथोरॅक्स. हा कॅटफिश, सिसोरिडी कुळातला. मिश्यांच्या चार जोड्या मोजून घ्या (मल्याला दोनच असतात). चिकटणारा भाग तोंडाजवळ नाही, दोन्ही वक्षपरांच्या (कल्ल्यामागच्या परांच्या) मध्ये छातीच्या कातडीवर आहे. तिथं लांबट, जरा तिरप्या चुण्या पडलेल्या असतात आणि मध्ये खळगा असतो. हिमालयातल्या स्युडेकेनिस या त्याच्याच कुळातल्या माशाच्या छातीवर चुण्या आडव्या असतात. म्हणजे एका कुळातही मांडणी बदलते.

टाकीतला सकर दक्षिण अमेरिकेतला. तोही कॅटफिशच, पण लोरिकॅरिडी कुळातला, अंगावर हाडाच्या पट्ट्या असलेला. त्याने दोन्ही ओठ पसरून वाटी केली आहे. त्याच्या छातीवर चुण्या नसतात. इथं एक गंमत दाखवता येते: ग्लिप्टोथोरॅक्स आणि सकर एकाच गणातले असूनही एकाने छाती वापरली, दुसऱ्याने ओठ, आणि दूरच्या गणातला मल्या हनुवटी वापरून सकरसारखाच दिसायला लागला.

यादी एवढ्यावर संपत नाही. बालिटोरा नावाचे चपटे लोच मासे वक्षपर आणि श्रोणिपर (पोटाखालचे जोडीचे पर) आडवे पसरून अख्ख्या पोटाचीच गादी करतात. कृष्णेच्या वरच्या पात्रातून बालिटोरा लॅटिकॉडा ही जात २०१२ साली वर्णिली गेली, म्हणजे हे उदाहरणही आपल्याच खोऱ्यातलं. गोबी माशांत दोन्ही श्रोणिपर जुळून वाटी होते; केरळ आणि दक्षिण कर्नाटकातल्या पश्चिमवाहिनी नद्यांत सिसिओप्टेरस ग्रिसियस असा आहे. आणि समुद्रातला रेमोरा, शार्कच्या अंगाला चिकटून फिरणारा, तो तर पाठीवरचा पहिला पर चपटा करून डोक्यावर चकती करतो. हनुवटी, छाती, ओठ, जोडीचे पर, जुळलेले पर, पाठीचा पर: सहा ठिकाणं.

सगळ्यांना हीच गरज का पडली, तर वाहत्या पाण्यात दगडाला अगदी लागून असलेला पाण्याचा थर जवळजवळ थांबलेला असतो, आणि दोन-तीन बोटं वर गेलं की ओढ सुरू होते. जो मासा चपटा होऊन त्या थरात दबून बसतो त्याला कमी ताकद लागते. म्हणून चपटं पोट, खाली वळलेलं तोंड, आडवे पर आणि लहान झालेला वाताशय (पोटातली हवेची पिशवी) हे सगळं एकत्रच येतं.

नावांबद्दल एक: गारा मुल्या आणि ग्लिप्टोथोरॅक्स लोनाह ही दोन्ही नावं १८३९ साली कर्नल साइक्स यांनी दख्खनच्या माशांवर लिहिताना इथल्या बोलीतल्या नावांवरूनच दिली. 'मल्या' हा शब्द शास्त्रीय नावात तेव्हापासून बसलेला आहे, हे पोरांना आवर्जून सांगा. मात्र खानापूरच्या ओढ्यातली जात नेमकी तीच, असं नुसत्या फोटोवरून म्हणू नका. वर्गात प्रजातीपर्यंत थांबलेलं बरं.

---

हाडं_आणि_खवले

वरचं उत्तर बरोबर आहे, पण 'पूर्ण वेगवेगळं' म्हणण्याआधी एक पायरी खाली उतरायला हवं.

मल्याची चकती, ग्लिप्टोथोरॅक्सच्या चुण्या आणि बालिटोराच्या परांची खालची बाजू सूक्ष्मदर्शकाखाली घेतली तर तिन्ही ठिकाणी बारीक, टोकदार, शिंगासारखी टोकं दिसतात. त्यांना उंक्युली म्हणतात. एका पेशीतून एक टोक निघतं. टायसन रॉबर्ट्स यांनी १९८२ साली दाखवलं की ही टोकं ऑस्टॅरिओफायसी या मोठ्या गटाची खासियत आहे. रोहूचं कुळ, लोच आणि कॅटफिश तिन्ही त्या गटात येतात. म्हणजे चकती वेगळी बांधली, चुण्या वेगळ्या घातल्या, पण दोन्हीकडे दगडात रुतणारी टोकं पूर्वजाकडून आलेली. गोबीच्या वाटीत ती नसतात, कारण गोबी त्या गटातला नाही.

त्याच गटाची दुसरी वारसा-खूण म्हणजे वेबरची हाडं: डोक्यामागच्या पहिल्या काही मणक्यांपासून झालेली बारीक हाडांची साखळी, वाताशयाचा कंप अंतर्कर्णाकडे नेणारी. मल्यात ती आहे, ग्लिप्टोथोरॅक्समध्ये आहे, सकरमध्येही आहे. गोबीत आणि रेमोरात नाही.

म्हणून फळ्यावर तीन ओळी काढाव्यात. वेबरची हाडं: वारसा. उंक्युली: वारसा, पण नव्या कामाला लावलेला. चकती, चुण्या, ओठाची वाटी: स्वतंत्र. एकाच माशाच्या अंगावर तिन्ही गोष्टी सापडतात. 'हा मासा अभिसारी आहे' असं वाक्य त्यामुळे चुकीचं ठरतं. अभिसारी असतो तो गुण, मासा नव्हे.

एक चूक फार होते, ती इथेच लिहितो. चपटं पोट, आडवे पर, खालचं तोंड, लहान वाताशय हे चार वेगळे पुरावे म्हणून मोजले जातात आणि 'चार गुण जुळले म्हणजे नातं पक्कं' असा निष्कर्ष निघतो. ते चार नाहीत, एकाच गरजेची चार टोकं आहेत. नातं ठरवायला कामाशी ज्यांचा संबंध नाही असे गुण घ्यावेत: वेबरच्या हाडांची रचना, घशातले दात, कवटीच्या हाडांचे सांधे.

---

खानापूर_जीवशास्त्र

धन्यवाद सर, तीन ओळींची मांडणी तशीच वापरेन. आता प्रात्यक्षिकाचं सांगा. जिवंत मासा किती वेळ ठेवायचा, कसा बघायचा, आणि नमुना ठेवायचाच असेल तर काय करायचं? भीमगड अभयारण्याची हद्द जवळ आहे हेही लक्षात आहे.

---

वाहतं_पाणी

हद्दीचं आधी. भीमगड २०११ पासून अभयारण्य आहे. आत मासा पकडायला कर्नाटक वनखात्याची लेखी परवानगी लागते, शाळेचं पत्र पुरत नाही. आंबोलीला जायचा विचार असेल तर तिथल्या हिरण्यकेशीच्या उगमाच्या कुंडात हात घालू नका. शिस्टुरा हिरण्यकेशी ही लोचची जात तिथूनच २०२० साली वर्णिली गेली आणि २०२१ साली महाराष्ट्र सरकारने ती जागा जैवविविधता वारसास्थळ केली. तेच पाणी पुढं संकेश्वरावरून घटप्रभेला मिळतं, एवढं नकाशावर दाखवलं तरी पोरांना जवळचं वाटेल.

हद्दीबाहेरच्या ओढ्यात नोव्हेंबर ते फेब्रुवारी बघणं सोयीचं. पाणी निवळलेलं असतं आणि पाय टिकतो. पावसाळ्यात पोरांना उतरवूच नका.

बघायला काचेची सपाट तळाची पेटी घ्या, साधारण ३० सेंमी लांब. त्याच ओढ्याचं पाणी ५-६ सेंमी भरा. नळाचं पाणी नको, त्यातल्या क्लोरीनने कल्ले भाजतात. वाहत्या पाण्यातल्या माशांना प्राणवायू जास्त लागतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप लावा आणि एका माशाला दहा मिनिटांवर पेटीत ठेवू नका. कल्ल्यांची झाकणं भराभर हलायला लागली किंवा मासा वर येऊन तोंड उघडायला लागला की वेळ संपली असं समजा. पेटी दोन विटांवर ठेवून खालून मोबाइलने फोटो काढा. मल्या तळाच्या काचेला चिकटला की चकतीची कड स्पष्ट दिसते. ग्लिप्टोथोरॅक्सच्या छातीवर चुण्या दिसतात, पण गुळगुळीत काचेवर तो मल्याएवढा घट्ट बसताना दिसला नाही तर गोंधळू नका. काचेवर चुण्यांची टोकं कशात रुतणार? पेटीत ओढ्यातला एक खडबडीत चपटा दगड ठेवा आणि दोन्ही मासे दोन्हीवर बघा. हीच तुलना सगळ्यात बोलकी आहे. चकतीला कड बसायला नितळ जागा लागते, चुण्यांना खडबड लागते.

माशाला हात लावायचा तर ओल्या हाताने. कोरड्या हाताने अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते.

---

हाडं_आणि_खवले

नमुना ठेवण्याबद्दल. परवानगी असेल तरच, आणि प्रत्येक प्रकारचा एक-दोनच.

सगळ्यात आधी उजव्या बाजूच्या पराचा ज्वारीच्या दाण्याएवढा तुकडा कापून ९५ टक्के अल्कोहोलच्या छोट्या कुपीत टाका. डीएनए काढायचा झाला तर हाच उपयोगी पडेल. पूर्ण मासा एकदा फॉर्मालिनमध्ये गेला की डीएनए तुटतो आणि आडवे बंध पडतात. नंतर कितीही धुतलं तरी तो पूर्ववत होत नाही. तुकडा उजवीकडून घ्यायचा कारण मोजमापं आणि फोटो रिवाजाने डाव्या बाजूचे असतात.

मग मासा १० टक्के फॉर्मालिनमध्ये. इथं हमखास घोळ होतो. दुकानातून येणारं फॉर्मालिन म्हणजे ३७ ते ४० टक्के फॉर्माल्डिहाइड. त्याचा १ भाग आणि पाणी ९ भाग म्हणजे '१० टक्के फॉर्मालिन'. त्यात फॉर्माल्डिहाइड प्रत्यक्षात ४ टक्क्यांच्या आसपास. बाटलीवरचा ३७ आकडा बघून हिशेब केला तर द्रावण अडीच-पावणेतीनपट कडक होतं, मासा आखडतो आणि चुण्या मिटून जातात. मोठ्या माशाच्या पोटाला उजवीकडे छोटी चीर द्या, नाहीतर आतून कुजतो. लहान माशाला दोन-तीन दिवस पुरतात. मग साध्या पाण्यात दोन दिवस, पाणी बदलत, आणि शेवटी ७० टक्के अल्कोहोल. फॉर्मालिन शिक्षकांनीच हाताळावं, हातमोजे घालून, उघड्या जागेत. पोरांच्या हाती अल्कोहोलमधलाच नमुना द्यावा.

उंक्युली साध्या भिंगाने दिसत नाहीत. भिंगाने फक्त चुण्या आणि चकतीची कड दिसेल. टोकं बघायची तर कातडीचा पातळ छेद आणि संयुक्त सूक्ष्मदर्शक लागेल.

डीएनएबद्दल सावध करतो. कॉलेजांत नेहमी वापरतात तो सीओआय जनुकाचा सुमारे ६५० अक्षरांचा तुकडा जात ओळखायला उत्तम, पण गणांमधलं जुनं नातं ठरवायला अपुरा. एवढ्या जुन्या अंतरात एकाच जागी अक्षर पुन्हा पुन्हा बदललेलं असतं आणि फांद्या भलत्याच ठिकाणी जुळतात. डीएनएतही साम्य योगायोगाने येतं, हे पोरांना कळायला हवं.

---

हिडकल_मासळी

ओढ्यात जायला परवानगी नाही मिळाली तर बेळगावच्या मासळी बाजारातूनच अख्खा तास होतो, आणि मासा मेलेलाच असतो. दोन जोड्या सुचवतो.

पहिली जोडी मरळ आणि मांगूर. दोघेही हवा घेतात, दोघेही कमी पाण्यात तगतात. मरळीच्या कल्ल्यावरचं झाकण कात्रीने काढा. कल्ल्यांच्या वर एक पोकळी दिसेल, आत घड्या घातलेलं लालसर अस्तर. मांगुराचं झाकण काढलं की कल्ल्यांच्या वरच्या टोकाला पोवळ्यासारखी फांद्यांची लाल झुडपं दिसतात, दुसऱ्या आणि चौथ्या कल्ला-कमानीवर. शिंगी मिळाली तर तिच्यात तिसराच प्रकार: कल्ल्याच्या पोकळीपासून निघून पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंनी शेपटीकडे जाणाऱ्या दोन नळ्या. बाजारात मांगूर म्हणून मिळणारा बहुधा आफ्रिकी असतो (त्याच्या पालनावर भारतात बंदी आहे), पण झुडपं त्यालाही तशीच.

आता मोजणीत चूक करू नका. तीन मासे म्हणून तीनदा स्वतंत्र उगम, असं नाही. मांगूर आणि शिंगी जवळचे भाऊबंद आहेत, त्यांच्या हवाघराचं मूळ एकच धरणं सुरक्षित. मरळ मात्र त्यांच्यापासून फार लांब. म्हणून हिशेब दोनाचा.

शिंगी हाताळताना जपा. वक्षपराचा काटा विषारी असतो, मेलेल्या माशाचाही टोचला तर ठणका लागतो. टोचल्यास भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, ४५ अंशांच्या आसपास, बुडवून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

दुसरी जोडी कुपा आणि बांगडा. दोन्ही अंगाच्या मधोमध आडवे कापा. बांगड्याचं गडद लाल मांस कातडीखाली कडेला दिसेल. कुप्याचं आत, कण्याला लागून. ते आत असल्यामुळे आणि तिथं रक्तवाहिन्यांचं जाळं उष्णता परत फिरवत असल्यामुळे कुप्याचे स्नायू पाण्यापेक्षा गरम राहतात. नेमकी हीच मांडणी माको शार्कमध्ये आहे: लाल स्नायू आत, तेच रक्तवाहिन्यांचं जाळं, अर्धचंद्राकृती शेपूट. हाडाचे मासे आणि शार्क यांच्या वाटा ४० कोटी वर्षांहून आधी फुटलेल्या. याहून लांबचं अभिसरण माशांत क्वचितच दाखवता येईल.

पण गोवा-कारवारहून येणारी बाजारातली लहान मोरी आणून कुप्याशेजारी ठेवू नका. ती माकोच्या कुळातली नाही. तिचं लाल मांस बांगड्यासारखं कडेलाच असतं आणि तास उलटा पडतो. माकोचं चित्रच दाखवा.

---

गणेशपूर_जनुक

हाडं_आणि_खवले यांची 'एक पायरी खाली' ही गोष्ट जनुकांपर्यंत नेता येते. दोन उदाहरणं पुरेत, आणि ती उलटसुलट आहेत.

अंटार्क्टिकाचं समुद्राचं पाणी उणे १.९ अंशांपर्यंत जातं. साध्या माशाचं रक्त त्याआधीच गोठेल. तिथल्या नोटोथेनिऑइड माशांच्या रक्तात गोठणरोधक प्रथिन असतं, थ्रिओनिन-अ‍ॅलॅनिन-अ‍ॅलॅनिन या अमिनो आम्लांच्या तिकडीची माळ. उत्तर ध्रुवाकडच्या कॉड माशांत तीच माळ. १९९७ साली कळलं की दक्षिणेकडच्या माशांनी ती ट्रिप्सिनोजेन या पाचक प्रथिनाच्या जनुकातून घडवली. कॉडकडे त्या जनुकाचा मागमूस नाही. २०१९ साली दाखवलं गेलं की कॉडमध्ये ते जनुक कुठल्याही प्रथिनाची कृती नसलेल्या डीएनएतून उभं राहिलं. वरून जवळजवळ एक, मुळात काहीच सामाईक नाही.

उलट उदाहरण विजेच्या माशांचं. आफ्रिकेतले मॉर्मिरिड आणि दक्षिण अमेरिकेतले जिम्नोटिफॉर्म यांनी वीज तयार करणारा अवयव स्वतंत्रपणे मिळवला. पण दोघांनीही एकच जनुक कामाला लावलं: सोडियमच्या वाहिनीचं एससीएन४एए. आजच्या बहुतेक हाडाच्या माशांच्या सामाईक पूर्वजात सगळा जनुकसंच दुप्पट झाला होता, त्यामुळे स्नायूंसाठी या वाहिनीच्या दोन प्रती होत्या. एक स्नायूंत राहिली, दुसरी वीज-अवयवाला मोकळी झाली. दोन खंडांत, दोनदा. मल्याच्या आणि ग्लिप्टोथोरॅक्सच्या उंक्युलीसारखंच: जुनं सामान, नवी बांधणी, दोन वेळा.

कृष्णेतला पात्यासारखा चपटा चालट मिळाला तर तोही टेबलावर ठेवा. पोटाखालून शेपटीपर्यंत सलग गुदपर, आणि पोहणं त्या परच्या लाटेवर. दक्षिण अमेरिकेतल्या विजेच्या सुरीमाशाचाही तसाच सलग पर. चालटाचं नातं मात्र आफ्रिकेतल्या मॉर्मिरिडशी आहे, सुरीमाशाशी नाही. पोरांना आधी फोटो दाखवून जोड्या लावायला सांगा. बहुतेक जण चालट आणि सुरीमासा एकत्र ठेवतील. मग सुरीमाशातली वेबरची हाडं दाखवा, चालटात ती नाहीत.

---

खानापूर_जीवशास्त्र

ठरलं. पहिल्या तासाला बाजारातली मरळ-मांगूर आणि बांगडा-कुपा, दुसऱ्याला पेटी, काच आणि दगड. एकच राहिलं: वेबरची हाडं दाखवायला मल्या फार लहान पडेल ना?

---

हाडं_आणि_खवले

होय, लहान पडतो. रोहू घ्या, अर्धा किलोचा चालेल, रचना तीच. डोकं आणि मागचे पाच-सहा मणके ठेवून दहा मिनिटं उकळा, मांस ब्रशने काढा. ओढू नका, हाडं निसटतात. साखळीतलं सगळ्यात मागचं आणि मोठं हाड, ट्रायपस, कोयत्यासारखं वाकलेलं असतं. आधी ते सापडतं, पुढची तीन त्याच्या टोकापासून डोक्याकडे शोधत जा. काळ्या कागदावर ठेवलीत तर मागच्या बाकावरूनही दिसतील.